टाकीला लावलेला कान

सकाळी दूध काढून झाले की आबा देवळामागच्या गोबरगॅसच्या टाकीपाशी येत. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडून खांद्यावर टाकत, वाकत, आणि टाकीच्या लोखंडी झाकणाला उजवा कान लावून डोळे मिटून उभे राहत. आतली बुडबुड ऐकू आली की त्यांचा चेहरा सैल होई. मग गाईच्या पाठीवर मारावी तशी एक थाप त्या झाकणावर मारून ते विचारत, “पोट बरा आसा मां?”

हाच प्रश्न पुढे दिवसभर ते सगळ्यांना विचारीत. गोठ्यातल्या गाईला, सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला, म्हापशाच्या बसच्या ड्रायव्हरला, आणि पेडण्याला कचेरीत निघालेल्या मला. ‘कसे आहात’ असे त्यांनी कोणाला विचारलेले मला आठवत नाही. माणूस असो, जनावर असो की यंत्र, त्याचे सगळे मर्म पोटात असते, असे त्यांचे मत होते. आत काय जाते आणि बाहेर काय येते एवढे कळले की त्यांना पुरे होई.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. एखादी गोष्ट ती मनाशी घट्ट धरतात आणि मग सगळे जग तिच्यातूनच बघतात. आपण त्यांना हसतो आणि पुढे जातो. मीही हसलो आहे. फक्त माझे हसणे मनातल्या मनात असे, कारण मोठ्याने काही करण्याचा माझा स्वभाव नाही. हा स्वभाव चांगला की वाईट, याचा निवाडा या वयातही मला करता आलेला नाही.

आबा मूळचे आमच्या गावचे नव्हेत. ते सिंधुदुर्गातून तरुणपणी गोव्यात, साखळी गावाच्या बाजूला आले आणि खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले. पुढे स्वतःचा ट्रक घेतला. खाणी बंद पडल्या तेव्हा तो ट्रक बरेच दिवस दारात गवतात उभा होता. शेवटी तो मोडीत काढून ते बायकोच्या माहेरी, हळर्णजवळच्या आमच्या वाड्यावर राहायला आले आणि गाई पाळू लागले. त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणतो. काकी बोलतात कमी. आबा दोघांच्या वाटचे बोलत असल्यामुळे त्यांना तशी गरजही पडत नसे.

उभ्या गाडीचे चालू इंजिन आबांना सहन होत नसे. पेडण्याच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. रस्त्याच्या कडेला एक पाहुण्यांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. आत गारवा सोडून ड्रायव्हर मोबाइल बघत बसला होता. आबांनी काचेवर टकटक केली. काच खाली येताच त्यांनी शांतपणे हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

“उभी आसा, तर मगे खाता कित्याक?” ते म्हणाले.

तो ड्रायव्हर इतका गोंधळला की त्याला रागवायचे सुचले नाही. मी मात्र दोन पावले मागे सरकून, आपला या गृहस्थांशी काही संबंध नाही असा चेहरा केला होता. आबांच्या ते लक्षात आले असणार. परत येताना माझी मोटारसायकल देवळापाशी थांबली आणि मी बोलण्याच्या नादात इंजिन चालूच ठेवले, तेव्हा मागच्या सीटवरून हात पुढे आला आणि किल्ली फिरली.

हवामान बदलावरच्या एका कार्यशाळेला आमच्या कचेरीने मला पणजीला पाठवले होते. तापमान वाढते आहे, हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी केले पाहिजे, असे दिवसभर ऐकले. सभागृहात एसी इतका चढवलेला होता की पुढच्या रांगेतल्या बाईंनी शाल पांघरली होती. संध्याकाळी मी हे आबांना सांगितले. चहात उंडा पाव बुडवत त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले.

“थंडी वाजत होती, तर बंद करा म्हणान कोणी सांगूक नाय?”

“नाही.”

“तू सांगलंस?”

मी नाही म्हणालो. ते हसले नाहीत, टोचूनही बोलले नाहीत. उंड्याचा उरलेला तुकडा तेवढा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या त्या चांगुलपणाने मला जास्त लाजवले.

आता टाकीविषयी सांगतो. जमिनीत बांधलेला एक गोल हौद आणि त्यावर उलट्या पातेल्यासारखे लोखंडी झाकण, एवढीच ती. हौदात शेण आणि खरकटे कालवून सोडायचे. ते आत कुजते, त्यातून वायू निघतो, झाकण हळूहळू वर उचलले जाते, आणि तो वायू नळीने घराघरांतल्या शेगडीपर्यंत जातो. आबांनी हे कुठल्याशा सरकारी योजनेतून खटपट करून मिळवले होते. उकिरड्यावर उघडे कुजणारे शेणही आभाळ तापवणारा वायू सोडते, तोच वायू आपण चुलीत जाळला तर आभाळही वाचते आणि लाकूडही, हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते आणि ते त्यांच्या मनात रुतून बसले होते. वाड्यावरच्या सगळ्या गोठ्यांतले शेण त्या टाकीत यावे, यासाठी ते दारोदार फिरले. काही बायकांना आपले शेण दुसऱ्यांच्या शेणात मिसळणे पसंत नव्हते. आबांनी त्यांचीही समजूत काढली, कशी ते मला ठाऊक नाही.

टाकीची जागा देवस्थानची होती. समितीचे अध्यक्ष तात्या. त्यांचे तिठ्यावर दुकान आहे. मी समितीचा सचिव, म्हणजे तात्या बोलतात ते ऐकणारा. तात्यांना त्या जागेवर जत्रेच्या गाड्या लावण्याची सोय करायची होती. म्हणून जागा दिली ती एका वर्षाच्या बोलीवर.

आमच्या देवळाचे वर्धापन वैशाखात येते. त्या दिवशी सगळा गाव मांडवात जेवतो. भात, वरण, खतखते, मुगागाठी आणि शेवटी गोड मणगणे. हे सगळे मोठमोठ्या भांड्यांत चुलाणांवर शिजते, आणि त्या चुलाणांसाठी दर वर्षी देवस्थानच्या डोंगरातले एक झाड तोडायचे अशी पूर्वापार चाल होती. शिगमो झाला की मंडळी डोंगरावर जात, झाड निवडत, अध्यक्ष त्याच्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घालून खूण करीत. मग झाड पडे आणि त्याचे ओंडके उन्हात वाळत. सिलिंडरचा विषय निघाला की तात्या म्हणत, देवाचे जेवण फॅक्टरीतल्या गॅसवर नको.

त्या वर्षी तात्यांनी एक भला थोरला किंदळ निवडला. त्याच्या सावलीत आम्ही घाम पुसत बसलो होतो. तात्यांनी घाव घातला. साल फाटून आतले कोवळे लाकूड दिसले. त्या दिवशी दुसरा घाव घालायचा नसतो, खूण झाली की मंडळी उतरतात. पण आबा उठले आणि त्या जखमेवर तळहात ठेवून उभे राहिले.

“तात्या, हेका आज रवांदे. वर्धापनाचा जेवण मी टाकीवर करून दाखयतंय. गाईच्या शेणाचो गॅस देवाक चलता मां?”

तात्या कोंडीत सापडले. गाईच्या शेणाला नको म्हणणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. ते काही वेळ कुऱ्हाडीची धार बघत राहिले. मग म्हणाले, “एक काटकी न जाळता वर्धापन करून दाखय. टाकी रवली, झाड रवला. नाय जमला, तर टाकी काढूची, आणि पुढल्या वर्सा माका शिकवूक येवचा नाय.”

आबांनी मान डोलावली. डोंगर उतरताना त्यांनी मला विचारले, “भाई, पोट बरा आसा मां?” मी बरे आहे म्हणालो. खरे तर मी मनात पाने मोजत होतो. सगळ्या गावाचे जेवण! टाकीवर आजवर शिजत होते ते आठ-दहा घरांचे भात आणि चहा.

आबांनी मोठ्या शेगड्या मिळवल्या. मांडवापर्यंत नळी ओढली. टाकीत जास्त वायू साठायचा तर तिला जास्त खायला घातले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. आणि तेव्हा काजूचा हंगाम होता. आमच्याकडे या दिवसांत घरोघर बोंडू चिरडतात. रस भट्टीवाल्याकडे जातो आणि चोथा दाराशी पडून राहतो. त्यावर माश्या घोंघावतात, सगळ्या वाड्यावर आंबूस वास भरून राहतो. आबांनी तो चोथा बघितला आणि त्यांचे डोळे चमकले.

“हाडा,” चोथा आणा म्हणून ते सगळ्यांना सांगत सुटले. “टाकी सगळा खाता.”

लोकांनी अगदी मनापासून आणला. दारातली घाण जाते आणि देवकार्यही होते, असा योग कुठे येतो? टोपल्या आल्या, पत्र्याचे डबे आले. कचेरीतून आल्यावर मीही आमच्या दारातला चोथा बादलीने वाहून टाकीत ओतला, आणि आपण जगासाठी काही केले अशा समाधानाने हात धुतले.

टाकी फुगली. झाकण इतके वर आलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. पोरेबाळे बघायला आली. तात्याही दुकान सोडून आले, झाकणाच्या उंचीकडे पाहून ‘हं’ म्हणाले आणि गेले. त्या ‘हं’चा आबांना फार आनंद झाला.

वर्धापन अगदी तोंडावर आले असताना एका सकाळी काकींनी चहाला काडी ओढली. गॅस सूं करून आला आणि काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. नळीत पाणी साचले असेल म्हणून आबांनी नळी झटकली. तोवर शेजारच्या घरातून हाक आली, पलीकडच्या घरातून आली, आमच्या घरातूनही माझी बायको दारात आली. टाकीत वायू मावत नव्हता आणि एकाही शेगडीवर ज्योत धरत नव्हती.

आबा टाकीपाशी गेले. कान लावला. बराच वेळ लावला.

“बुडबुड आसा,” ते म्हणाले. “पण ती बरी नाय. ढेकर येतत तिका.”

झाकणाच्या कडेने आंबट, नाकात चढणारा वास येत होता. आपण काय केले ते आम्हां सगळ्यांनाच मग हळूहळू उमगले. धान्याच्या पोत्यात तोंड घातलेली गाय जशी फुगून आडवी होते, तशी आमची टाकी झाली होती. त्या आंबट चोथ्याने आतले सगळे बिघडले होते. वायू होता, पण तो पेटणारा नव्हता. गाई पाळणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते, असे आबा स्वतःच पुनःपुन्हा म्हणत होते.

त्या दिवशी त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. पोदेर आला, घंटी वाजवून दारात क्षणभर थांबला. प्रश्न आला नाही तेव्हा पाव ठेवून निमूट गेला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते टाकीच्या कठड्यावर बसले होते. काय बोलावे ते न सुचून मी विचारले, “आबा, पोट बरे आहे ना?” विचारले आणि माझी जीभ चावली. सकाळपासून त्यांनी काही खाल्ले नव्हते, हे काकींनी मला दारातच सांगितले होते.

ते रागावले नाहीत. पश्चिमेला डोंगरावर नजर लावून ते जुन्या दिवसांविषयी बोलू लागले. खाणीच्या ट्रकांच्या रांगा, रांगेत तासन्‌तास चालू ठेवलेली इंजिने, धुळीने लाल झालेली झाडे. तेव्हा कोणालाच काही वाटत नसे, त्यांनाही वाटले नव्हते. घर त्यावरच चालले होते. अलीकडे फाल्गुनातच ऊन भाजू लागले, अवेळी ढग येऊन काजूचा मोहर काळा पडू लागला, तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी हलले.

“आभाळात माझो धूर आसा, भाई,” ते म्हणाले. “तो काय आतां खाली येवचो नाय. म्हणान म्हटला, नवो तरी धाडूचो नाय.”

मी त्याच साखळीत, एका खाणीच्या कार्यालयात, सरकारी नोकरी लागेपर्यंत कारकुनी केलेली आहे. ट्रकांच्या त्या रांगा मी खिडकीतून पाहिल्या आहेत. आभाळात माझेही काही असेल, असा विचार तोवर माझ्या मनाला शिवला नव्हता. मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या चौकात गाव जमला. आबा उभे राहिले आणि फार थोडे बोलले. “चूक माझी. चोथो हाडूक मीच सांगलंय. टाकीचा पोट बिघाडला. वर्धापनाक ज्योत येवची नाय.” आणि खाली बसले.

तात्या वाईट माणूस नव्हेत. ते विजयाने बोलले नाहीत, हिशेबीपणाने बोलले. यंदापुरते लाकूड साखळीहून मागवू, पुढच्या वर्षासाठी झाड पावसाआधी पाडू, टाकीचे सामान काढून जागा मोकळी करू. मी सचिवाच्या जागेवर बसलो होतो. आणखी थोडी सवड द्यावी, एवढे एक वाक्य माझ्या ओठांवर होते. ते तसेच राहिले.

बायकांच्या बाजूने, खांबाआडून, काकींचा आवाज आला. त्यांचा आवाज त्या चौकात आम्ही बहुधा पहिल्यांदाच ऐकत होतो.

“तात्यानू, काटकी जाळूची नाय, असाच बोलला हुता मां?”

तात्या हो म्हणाले.

“मगे जाळूया नको. दिवाळेक फोव करतंव, तेच करूया. गुळातले, ताकातले. तेका चूल कित्याक व्हयी?”

बायकांमध्ये एकदम कुजबुज उठली आणि ती वाढतच गेली. फोव म्हणजे पोहे; दिवाळीला आमच्याकडे ते नारळाच्या रसात, गुळात, ताकात, नाना तऱ्हांनी कालवतात. कोणी म्हणाली, भिजवलेल्या डाळीत कैरी किसून आंबेडाळ होईल. कोणी सोलकढी सुचवली. कलिंगडे होती, फणस होते, ओल्या काजूचे गर होते. वैशाखाच्या उन्हात गरम भातापेक्षा हे बरे, असे एका म्हातारीने ठणकावून सांगितले. भटजींना विचारले. ते म्हणाले, नैवेद्याला फोव चालतात, न चालायला काय झाले.

“आंबेडाळीक फोडणी?” तात्यांनी दुबळा विरोध केला.

“फोडणेशिवाय.”

“आणि चाय?”

हा प्रश्न खरोखर गंभीर होता. सगळे पुरुष काकींकडे बघू लागले.

“एक दीस चाय नाय घेतलास म्हणान काय होणा नाय,” काकी म्हणाल्या, आणि पुन्हा खांबाआड गेल्या.

आबा खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलताना दिसले तेव्हा मी घाबरलो. जवळ जाऊन पाहिले तर ते हसत होते, आणि डोळे पुसत होते.

वर्धापनाच्या दिवशी पहाटेपासून मांडवात विळ्यांवर नारळ खवण्याचा आवाज चालू होता. एरवी त्या वेळेला धुराने डोळे चुरचुरत असत आणि देवळाच्या पायऱ्यांपर्यंत लाकडाची आच पोचत असे. त्या दिवशी हवेत गूळ, वेलची आणि कैरी यांचा वास होता. चहा नसल्यामुळे सकाळी तात्यांचे डोके दुखत होते. त्यांना तांब्याभर कोकमाचे सरबत दिले. ते त्यांनी औषधासारखे प्यायले, आणि मग न मागता आणखी एक तांब्या घेतला.

मला मात्र एक शंका कुरतडत होती. पंगतीत वाढताना मी आबांच्या कानाशी वाकून म्हणालो, की आपण काटकी जाळली नाही हे खरे, पण पोहे करताना गिरणीत धान्य भाजलेच असेल. तिथे आग लागलीच असणार. मग हे खरे म्हणायचे का?

आबांनी हातातला घास खाली ठेवला. “भाई,” ते म्हणाले, “इतक्या बारीक चाळणीतून चाळूक गेलंस तर उपाशी मरतलंस. वाढ.”

मी वाढले. माझ्या स्वभावाचे इतके नेमके निदान कोणी केले नव्हते, आणि त्यावर इतका सोपा उपायही कोणी सांगितला नव्हता.

तात्यांनी गुळातले फोव तीनदा मागून घेतले. हात धुऊन आले, सगळ्यांना ऐकू जाईल असे खाकरले आणि म्हणाले, “काटकी जळूक नाय. बोललंय तां बोललंय. टाकी रवली.” मग आबांकडे बोट करून, “पण पुढल्या वर्सा माका मणगणा व्हया.”

टाकी बरी करायला पुढे पुष्कळ दिवस लागले. आबांनी तिला उपाशी ठेवले. चुना आणि राख पाण्यात कालवून थोडी थोडी पाजली. साखळीजवळ त्यांच्या एका जुन्या ट्रकवाल्या मित्राकडे अशीच एक टाकी नीट चालू होती. तिच्यातली काळी मळी पिंपांत भरून टेम्पोतून आणली. “विरजण लावूया,” ते म्हणाले. रोज सकाळी कान, रोज सकाळी थाप. ज्येष्ठ अर्धा सरल्यावर काकींच्या शेगडीवर निळी ज्योत धरली. काकींनी तिच्यावर पहिला चहा केला आणि तो तात्यांच्या दुकानात पाठवला.

पुढच्या वर्षी तात्यांना मणगणे मिळाले. आबा पहाटेपासून शेगड्यांपाशी उभे होते. चोथा कोणी टाकीकडे नेऊ नये म्हणून त्यांनी त्या हंगामात स्वतः पहारा दिला. तो झाडांच्या मुळाशी घालायचा असे ठरले. जेवणाच्या आधी काकींनी सगळ्यांच्या पानावर गुळातल्या फोवांचा एकेक घास वाढला. कोणी सांगितले नव्हते. आता तशी चालच पडली आहे.

त्यानंतर आबा जरा प्रसिद्ध झाले. पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या वाड्यांवरून लोक त्यांना बोलवायला येऊ लागले. ते बसने जात. टाकी कशी बांधायची हे गवंडी सांगत; आबा तिला काय खायला घालू नये ते सांगत. आपली फजिती ते इतकी रंगवून सांगत की ऐकणारे हसून लोटपोट होत, आणि चोथा टाकीत घालणे विसरत. तीन-चार गावांत आज अशा टाक्या चालू आहेत. आभाळाच्या मानाने हे काहीच नाही, हे मला कळते. पण त्या गावांतली झाडे उभी आहेत, आणि संध्याकाळी तिथल्या स्वयंपाकघरांत बायकांचे डोळे चुरचुरत नाहीत, हेही मी जाऊन पाहिले आहे.

गेल्या मार्गशीर्षात आबा गेले. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले होते, ते उठले नाहीत. सरणाचे लाकूड कुठून आणायचे असे कोणी कोणाला विचारलेसुद्धा नाही. ज्याने त्याने आपापल्या परसातल्या वाळलेल्या झावळ्या, वादळात पडलेल्या फांद्या, गोवऱ्या आणल्या. डोंगरावर कुऱ्हाड गेली नाही. तात्यांनी त्यांच्या माडाखालची सुकी पिडे, म्हणजे झावळ्यांचे जाड दांडे, स्वतःच्या डोक्यावरून आणली. त्यांना कोणी मदत करू लागले तर करू देईनात.

किंदळाला परवा मी जाऊन बघून आलो. घावाच्या दोन्ही कडांनी नवी साल चढते आहे. ओठ मिटत यावेत तशी ती जखम मिटत आली आहे.

यंदाचे वर्धापन आता जवळ आले आहे. काल सकाळी कचेरीला निघालो तेव्हा देवळामागे कोणीतरी वाकलेले दिसले. तात्या होते. चष्मा वर सारून, डोळे मिटून, त्यांनी टाकीच्या झाकणाला कान लावला होता. मी दिसताच ते झटक्याने सरळ झाले, आणि आपल्याला हल्ली ऐकू कमी येते अशी काहीतरी तक्रार करू लागले. मग क्षणभर थांबून त्यांनी पुन्हा कान लावला.

माझ्या मोटारसायकलची धडधड मध्ये येत होती. मी हात पुढे केला आणि किल्ली फिरवली.